परसबागेसाठी घरचं कंपोस्ट: मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपोस्टविषयी मराठीत जे वाचायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. ढीग फार ओला होऊ देऊ नका, ही त्यांची पहिली सूचना. आपल्याकडं अडचण उलटी आहे. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर गेलेला पारा. अशा हवेत ढीग सडण्यापेक्षा वाळून पडून राहतो. म्हणून खालची बहुतेक उत्तरं फिरून ओलीपाशीच येतात.

आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. अशात कंपोस्टला पाणी घालणं परवडतं का?

हा प्रश्न सगळ्यात रास्त, म्हणून पहिला घेतला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या घरानं हंडे मोजून दिवस काढले, त्याला ‘ढिगावर पाणी शिंपडत राहा’ असं सहज सांगून चालत नाही. आधी हिशेब पाहू. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच ढीग रचताना माल नीट भिजायला साधारण ८० ते १०० लिटर पाणी लागतं. हे एकदाच. पुढं ढीग झाकलेला असेल तर हिवाळ्यात पंधरवड्याला एखादी घागर आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन घागरी पुरतात.

यात पिण्याचं पाणी घालायची गरज नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, मटकी भिजवलेलं, पिठाचे हात आणि परात विसळलेलं पाणी एका बादलीत साठवत गेलं की ढिगापुरतं होतं. त्या पाण्यात थोडं पीठ, थोडा स्टार्च असतो, तो जिवाणूंना चालतो. दोन पाणी मात्र टाळा. साबण-डिटर्जंटचं पाणी नको, कारण त्यातला सोडियम आपल्या काळ्या जमिनीला आधीच नकोसा आहे. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही नको. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात साठून आलेले असतात.

पाणी वाचवायचा खरा उपाय घालण्यात नाही, झाकण्यात आहे. ढिगावर शेणमातीचा बोटभर जाड लिपा दिला तर ओल आत टिकते आणि माशाही बसत नाहीत. लिपा जमत नसेल तर वीतभर पाचट आणि वर भिजवलेलं गोणपाट टाका. उघडा ढीग मे महिन्यात दोन-तीन दिवसांत वरून वाळतो. झाकलेल्या ढिगात हात घातला तर आठवड्यानंतरही ओल लागते. आणि ढिगाला दिलेलं पाणी वाया जात नाही. कंपोस्ट मिसळलेला वाफा ओल जास्त दिवस धरतो, तेव्हा पुढं वांग्या-मिरचीला पाण्याच्या पाळ्या कमी द्याव्या लागतात.

ओल पुरेशी आहे हे कसं ओळखायचं?

ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर माल बाहेर काढा आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब डोकावला, माल मुठीत गोळा होऊन राहिला, म्हणजे ओल बरोबर. पाणी टपकलं तर जास्त, मूठ उघडताच माल विस्कटला तर कमी. ही तपासणी वरच्या थरावर करू नका. वरचा थर आपल्याकडं नेहमी कोरडाच दिसतो.

खड्डा करावा की जमिनीवर ढीग लावावा?

ऋतू बघून. ऑक्टोबर ते मे या काळात दोन-अडीच फुटांचा खड्डा चांगला, कारण जमिनीखाली ओल टिकते आणि गरम वारा लागत नाही. पावसाळ्यात मात्र भारी काळ्या जमिनीतला खड्डा म्हणजे डबकं. काळी माती भिजून फुगली की तिच्यातून पाणी खाली झिरपत नाही, माल बुडतो, हवा संपते आणि नासका वास सुटतो. ज्यांची जमीन मुरमाड आहे त्यांना खड्डा बारा महिने चालेल. काळ्या जमिनीवर राहणाऱ्यांनी जूनच्या आधी खड्डा रिकामा करावा आणि पावसाळ्यातला कचरा जमिनीवर, थोड्या उंचवट्यावर, ढीग लावून कुजवावा.

जागा कडुलिंबाच्या किंवा शेवग्याच्या सावलीत निवडा, पण बुंध्याला खेटून नको. झाडाची बारीक मुळं ओल शोधत ढिगात शिरतात आणि तयार खत तीच खाऊन टाकतात. बोअर, हौद आणि विहिरीपासूनही लांब ठेवा.

सुरुवात कधी करावी?

सोयाबीनची रास झाली की लगेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुळीचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या भुश्याचे, ढीग शिवारात पडलेले असतात, जमिनीत ओल असते, हवा ना फार गरम ना फार गार. दिवाळीच्या आसपास लावलेला ढीग होळीपर्यंत बराच कुजतो आणि मृगाच्या पेरणीला वाफ्यात घालण्याजोगा होतो. दुसरी संधी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीची. लिंब, पिंपळ, बदाम यांची पानं तेव्हा अंगणाअंगणात झाडली जातात आणि संध्याकाळी पेटवली जातात. ती जाळू नका. लगेच ढीग लावायला पाणी नसेल तर पोत्यांत दाबून भरून ठेवा. वर्षभर ओल्या कचऱ्यावर टाकायला हाताशी कोरडा माल राहतो.

ढिगात काय काय घालता येतं?

ढिगाला दोन तऱ्हेचा माल लागतो. कोरडा, तपकिरी माल म्हणजे कर्ब (कार्बन). ओला, हिरवा माल आणि शेण म्हणजे नत्र (नायट्रोजन). वजनाच्या तराजूत न शिरता इतकं लक्षात ठेवा, की ओल्या मालाच्या एका टोपलीवर कोरड्या मालाच्या दोन ते तीन टोपल्या. शास्त्राच्या भाषेत कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला १ असावं, आणि या टोपल्यांच्या हिशेबानं ते साधारण तिथंच येतं.

कोरड्या मालात आपल्याकडं पहिला मान सोयाबीनच्या गुळीचा. गव्हाच्या भुश्यापेक्षा तिच्यात नत्र जास्त, म्हणून लवकर कुजते. अडचण एकच, वाळलेली गुळी वरून ओतलेलं पाणी घेत नाही, ते घरंगळून खाली जातं. ती आदल्या रात्री टपात किंवा खड्ड्यात पाणी घालून मुरत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थरात घाला. ढीग वाळण्याच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतील.

तुराट्या आणि पऱ्हाट्या लाकडासारख्या टणक. त्या अख्ख्या घातल्या तर वर्षभर तशाच राहतात. विळ्यानं किंवा कुऱ्हाडीनं बोटभर तुकडे करता आले तर उत्तम, नाहीतर ढिगाच्या तळाशी हवा खेळायला आडव्या घाला आणि खत काढल्यावर पुन्हा पुढच्या ढिगाच्या तळाला वापरा. पऱ्हाट्यांवरची उरलेली किडकी बोंडं आधी तोडून बाजूला करा, त्यांत गुलाबी बोंडअळी लपून राहते. उसाचं पाचट चांगलं, पण तेही तोडून, भिजवून.

उन्हाळ्यात एक माल फुकट मिळतो आणि फार थोडे लोक तो आणतात: रसवंतीचं चिपाड. पाणी धरून ठेवण्यात त्याची बरोबरी गुळीही करत नाही. मात्र त्यात कर्ब फार आणि नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून शेणकाल्यात, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणात, बुडवून घालायचं. ताज्या चिपाडाला मुंग्या लागतात. दोन दिवस उन्हात टाकून मग वापरलं की त्रास कमी होतो.

ओल्या मालात भाजीचे देठ, फळांच्या साली, मेथी-शेपू निवडून उरलेल्या काड्या, चहाचा चोथा, शेंगांची टरफलं, खुरपलेलं कोवळं तण. मोसंबीच्या आणि लिंबाच्या साली चालतात का, असं पुष्कळजण विचारतात. चालतात, फक्त बारीक करून घाला. कांद्याची सालंही चालतात.

घरी जनावर नाही. शेणाशिवाय होईल का?

होईल. शेण म्हणजे जिवाणूंचं विरजण आणि थोडं नत्र. ते दुसरीकडूनही मिळतं. जुन्या उकिरड्याखालची काळी माती, शेजाऱ्याकडचं कुजलेलं खत, वडापिंपळाखालची पालापाचोळ्याची माती यांतलं काहीही दोन घमेली मिळालं तरी ढीग सुरू होतो. गोवऱ्या असतील तर फोडून रात्रभर भिजत घाला.

पण माझी पसंती लेंडीखताला. शेळ्या आपल्या गावोगाव आहेत. उस्मानाबादी जात तर आपल्याच मातीतली. शेळीच्या लेंडीत गाईच्या शेणापेक्षा नत्र जास्त असतं. अख्खी लेंडी कोरडी राहून महिनोन्महिने तशीच पडते, म्हणून ती कुटून, दोन दिवस पाण्यात मुरवून घालायची. कोंबडखत मिळालं तर जपून, थराला ओंजळभरच. ते फार तापट असतं.

थर कसे लावायचे?

तळाला सहा इंच तुराट्या. त्यावर सहा इंच भिजवलेली गुळी किंवा पाला, त्यावर दोन इंच ओला कचरा, वर शेणकाल्याचा सडा आणि मूठ-मूठ माती. हाच क्रम तीन फूट उंची येईपर्यंत. दाबून, तुडवून लावू नका, नाहीतर आत हवा राहत नाही. उंची तीन फुटांपेक्षा फार कमी असेल तर आत उष्णता धरत नाही, मग कुजायचं काम रेंगाळतं. एका दिवसात एवढा माल जमत नसेल, आणि घरगुती कचऱ्यावर तो जमतच नाही, तर आधी कोरडा माल पोत्यांत साठवा आणि ओला कचरा रोज कोपऱ्यात माती-पाला टाकून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी सगळं एकदम रचा.

आठवड्याभरात ढीग आतून तापायला हवा. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर काम चालू झालं. चांगल्या ढिगात ५५ ते ६५ अंश उष्णता येते आणि ती काही दिवस टिकली की तणांचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. दोन आठवड्यांनी ढीग उलटा, म्हणजे कडेचा माल आत आणि आतला बाहेर. पुढं पंधरवड्यानं पुन्हा. मे महिन्यात मात्र उलटापालट टाळाच, प्रत्येक वेळी मोठी ओल उडून जाते. करायचीच असेल तर दिवस मावळल्यावर.

शहरातले लोक सांगतात की चुलीची राख, चुना, अंड्याची टरफलं घातली की खत चांगलं होतं. खरं का?

आम्ल जमिनीत खरं. कोकणातल्या तांबड्या जमिनीला राख आणि चुना मानवतो. आपली जमीन तशी नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) ७.५ ते ८.५ च्या दरम्यान. नांगरताना पांढरे खडे वर येतात तो चुनाच. त्यात आणखी राख आणि चुना घालायचा म्हणजे जे जास्त आहे तेच वाढवायचं.

याचा परिणाम भाजीवर दिसतो. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. जमिनीत लोह नसतं असं नाही. चुन्यामुळं ते झाडाला घेता येत नाही. कुजलेल्या सेंद्रिय खतातली आम्लं आणि ह्यूमस लोह-जस्ताला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात. म्हणजे चुनखडीच्या जमिनीत कंपोस्टचं एक मोठं काम हेच आहे, आणि त्याच कंपोस्टात राखेच्या टोपल्या ओतून आपण ते काम बिघडवतो. महिन्यात दोन-चार मुठी राख गेली तर काही बिघडत नाही. चुना अजिबात नको. अंड्याच्या टरफलांनी नुकसान नाही, पण फायदाही नाही. कॅल्शियमची आपल्याकडं टंचाई नाही.

शिळं अन्न, भाकरी, मटणाची हाडं?

भाकरी-पोळी गाईला किंवा कोंबड्यांना द्या, तिचा तिथं जास्त उपयोग आहे. थोडं वरण-भात उरलं तर ढिगाच्या मध्यात पुरून वर पाला टाका. मटण, मासळी, हाडं, तेलकट रस्सा नको. कुत्री ढीग उकरतात आणि उंदीर येतात. लोणचं, पापड, खारवलेलं काहीही नको. मीठ कुजून जात नाही, ते ढिगातून वाफ्यात आणि वाफ्यातून पुन्हा मुळाशी येतं.

देवाच्या निर्माल्याचं काय?

फुलं, पत्री, दूर्वा, आंब्याचे डहाळे, महालक्ष्म्यांपुढची सोळा भाज्यांची पानं, सगळं ढिगात घाला. दोरा, प्लास्टिक, चमकी, थर्माकोल काढून. नदीत पिशवी बांधून टाकण्यापेक्षा हे पुण्य मोठं, असं माझं मत आहे. झेंडूचे हार दोरा ओढून सुटे केले की लवकर कुजतात.

नाडेप टाकी परसबागेला योग्य आहे का?

घराला दोन-चार गुंठे परस आणि शेताचा काडीकचरा असेल तर नक्की. ही पद्धत आपल्या शेजारच्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची; नाडेप हे त्यांच्याच नावाचं लघुरूप. कमी शेणात जास्त खत हा तिचा गाभा, म्हणून जनावरं घटलेल्या आपल्या गावांना ती आजही लागू पडते. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकी बांधायची. तिच्यात १४०० ते १५०० किलो काडीकचरा, फक्त ९० ते १०० किलो शेण आणि १७५० किलोच्या आसपास चाळलेली कोरडी माती थराथरानं भरायची, वर लिपा द्यायचा. उलटापालट लागत नाही. तीन ते चार महिन्यांत खत होतं. भरताना १५०० ते २००० लिटर पाणी लागतं, तेव्हा ती पावसाळा संपता संपता भरावी.

चार-पाच माणसांच्या घरात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. तेवढ्यासाठी ही टाकी फार मोठी होते. तीन फुटांची, सुट्या विटा भोकं ठेवून रचलेली चौकट पुरे. सिमेंटही लागत नाही.

दोन महिने झाले, ढीग जसाच्या तसा आहे. काय चुकलं?

शंभरातल्या बहुतेक वेळा पाणी. मध्यात हात घालून बघा. आत पांढुरकी, कोरडी भुकटी दिसली किंवा उधळी (वाळवी) लागलेली दिसली, तर ढीग मोडून प्रत्येक थर भिजवत पुन्हा रचा. वरून पाइप सोडून उपयोग नाही. उधळीला औषध मारू नका, ओल आली की ती आपोआप निघून जाते. ओल ठीक असूनही ढीग थंड असेल तर नत्र कमी पडलं: शेणकाला, लेंडीखत किंवा कोवळं हिरवं तण वाढवा. काहीच मिळत नसेल तर बादलीभर पाण्यात दोन मुठी युरिया विरघळवून शिंपडला तरी चालतो.

वास येतो आणि चिलटं झाली आहेत.

कोरडा माल कमी पडला. गुळी किंवा पाला घालून उलटा, वर बोटभर माती टाका. रोज ओला कचरा टाकला की लगेच मूठभर कोरडं वर पडलं पाहिजे.

ढिगात पांढऱ्या, जाड अळ्या दिसतात. ही हुमणी का? खत फेकून द्यावं का?

फेकू नका, आधी ओळखा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की सगळे घाबरतात, पण खतातली प्रत्येक अशी अळी हुमणी नसते. फुलभुंग्यांच्या अळ्या अगदी तशाच दिसतात आणि त्या कुजका माल खाऊन खत बारीक करतात. ओळखायची रीत सोपी आहे. अळी सपाट फरशीवर ठेवा. फुलभुंग्याची अळी पाठीवर उलटी होऊन सरपटते. हुमणी तशी चालत नाही, ती कुशीवर वळून पडते किंवा पायांवर रेटत जाते. करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, आणि त्यांच्याइतकं जलद ओला कचरा संपवणारं दुसरं कोणी नाही.

खरी हुमणी निघाली तर गंभीरपणे घ्या, ती मिरची-वांग्याची मुळं कुरतडते. खत वाफ्यात घालायच्या आधी सकाळच्या उन्हात पातळ पसरा. कोंबड्या, साळुंक्या, कावळे तासाभरात वेचून खातात. अर्धकच्चं शेण तर मुळीच घालू नका, हुमणीचं येणं मुख्यतः त्यातूनच. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगे कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. त्या चार-आठ रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले तर पुढची पिढी तिथंच थांबते. हे एका घरानं करून भागत नाही, गल्लीनं किंवा वस्तीनं मिळून करावं लागतं.

विंचू-साप येतील म्हणून घरचे लोक ढीग लावू देत नाहीत.

त्यांची भीती खोटी नाही. ढिगापेक्षा शेजारी रचलेल्या दगड-विटा, पऱ्हाट्यांचे भारे आणि उंदीर हे त्यामागचं कारण असतं. ढीग घराच्या भिंतीपासून दहा-पंधरा फुटांवर ठेवा, शिजलेलं अन्न वर उघडं टाकू नका, भोवतीची जागा झाडून मोकळी ठेवा. आत हात घालण्याआधी दाताळ्यानं किंवा फावड्यानं माल हलवून घ्या, पायात बूट घाला आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडं जाऊ नका. लहान मुलांना ढिगावर खेळू देऊ नका. इतकं करून ढीग जरूर लावा.

गाजरगवत, हरळी, लव्हाळा घालावा का?

गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटलं तर चालतं, हातमोजे घालूनच उपटा, अंगाला खाज सुटते. फुलं आली असतील तर बी पडतं आणि घरगुती ढीग दरवेळी पुरेसा तापेलच याची खात्री नसते, तेव्हा नको. हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी उन्हात महिनाभर वाळवून कडकडीत झाल्याशिवाय ढिगात टाकू नका. ओल्या टाकल्या तर खताबरोबर पूर्ण बागेत लव्हाळा लावल्यासारखं होईल.

गुळीवर तणनाशक मारलेलं असेल तर?

हंगामात सुरुवातीला मारलेल्या तणनाशकाचा मोठा भाग काढणीपर्यंत आणि नंतर तापलेल्या ढिगात मोडतो. तरी खात्री करून घ्यावी. एका कुंडीत तुमची नेहमीची माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं कंपोस्ट घेऊन दोन्हींत मेथी आणि मूग पेरा. दहा-बारा दिवसांत कंपोस्टातली रोपं वाकडी, आखडलेली किंवा पिवळी निघाली तर ते खत आणखी दोन-तीन महिने ओलं ठेवून कुजवा. हीच परीक्षा खत कच्चं आहे का हेही सांगते.

बाजारातलं कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) घ्यायलाच हवं का?

सक्ती नाही. शेण किंवा जुनं खत घातलेल्या ढिगात जिवाणू पुरेसे असतात. पाण्याविना पडलेल्या ढिगाला कोणतंही कल्चर चालवू शकत नाही. गुळी-चिपाडासारखा कडक माल जास्त असेल तर ट्रायकोडर्मा या बुरशीचा उपयोग होतो, टनाला साधारण एक किलो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी जैविक उत्पादनं मिळतात. गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक आणि नैसर्गिक शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोझरही स्वस्त आहे: २०० लिटर पाण्यात दोन किलो गूळ आणि एक बाटली. घरासाठी त्याच प्रमाणात छोटं करून घ्या. महागड्या पावडरी घेण्यापेक्षा तो पैसा गोणपाटावर घाला.

गांडूळखत जास्त चांगलं ना?

खत उत्तम, पण आपल्या उन्हाळ्यात सांभाळणं कठीण. आयसेनिया जातीच्या गांडुळांना २० ते ३० अंश मानवतात. ३५ च्या पुढं ती मरायला लागतात. जाड सावली आणि रोजचं पाणी देणं शक्य असेल तर करा. नसेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढंच चालवा. ताजा कचरा आणि ताजं शेण थेट गांडुळांना देऊ नका, आधी १५-२० दिवस कुजवून, निवल्यावर द्या.

तयार झालं हे कसं कळतं?

ढीग निम्म्याच्या खाली बसलेला असतो, आत गरम लागत नाही, रंग गडद तपकिरी, पान की साल हे ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसातल्या जमिनीसारखा वास येतो. ओंजळभर ओलं खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवून उघडा. आंबट किंवा नासका वास आला तर अजून वेळ आहे. चाळून काड्या पुढच्या ढिगात टाका. तयार खत उन्हात पोत्यांत सुकवू नका, सावलीत झाकून किंचित ओलसर ठेवा.

किती आणि कसं घालायचं?

दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफ्याला सहा ते आठ किलो, म्हणजे एक घमेलं. पालक, मेथी, शेपू, करडईच्या भाजीला पेरणीआधी वरच्या चार-पाच इंचांत मिसळा. वांगी, टोमॅटो, मिरचीला लावताना खड्ड्यात दोन ओंजळी आणि फुलावर येताना बुंध्याभोवती पुन्हा एक. दोडका, कारली, दुधी यांच्या आळ्यात दोन-तीन किलो. अर्धकच्चं खत मुळाशी देऊ नका; ते कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

खत घातल्यावर वाफा उघडा ठेवायचा नाही. वर दोन इंच गुळी किंवा पाचट अंथरा. आपल्या उन्हात उघड्यावर पडलेलं कंपोस्ट वाळून निकामी होतं, आणि काळ्या जमिनीला भेगा पडून मुळं तुटतात. आच्छादनानं दोन्ही टळतं. माझ्या मते कंपोस्ट आणि आच्छादन ही दोन कामं वेगळी मोजूच नयेत.

एवढ्यावर भाजी येईल, की रासायनिक खतही लागेल?

पालेभाज्या, गवार, चवळी, भेंडी यांना दरवर्षी घातलेलं कंपोस्ट बहुधा पुरतं. वांगी, मिरची, टोमॅटो जास्त खाणारे. त्यांना वरून शेंगदाण्याची किंवा करडईची पेंड भिजवून द्या. जूनमध्ये लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या वेचून, वाळवून, कुटून ठेवल्या तर पेंड विकत आणावी लागत नाही.

पहिल्या वर्षी माती तपासून घ्या. परभणीचं विद्यापीठ, खरपुडी, सगरोळी, तोंडापूर किंवा तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र, जे जवळ असेल तिथं चौकशी करा. अहवालात सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे पहा. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर वाफ्याला एकाऐवजी दोन घमेली घाला आणि दोन वर्षांनी त्याच जागची माती पुन्हा तपासा. नमुना घेताना खत नुकतंच घातलेली जागा आणि ढिगाखालची जागा सोडा, नाहीतर आकडा फसवा येतो.